कुणाकडून काय घेतलं

आवडते चित्रकार कोण, असं विचारलं की नावं पटकन तोंडावर येतात. पण नुसत्या नावांनी ऐकणाऱ्याच्या हाती फारसं काही लागत नाही. ऋण सांगायचं तर वाण्याच्या खातेवहीसारखं नेमकं सांगावं, असं मला वाटतं: कुणाकडून घेतलं, काय घेतलं आणि ते आपल्या कामात कुठे खर्ची पडलं. माझं खातं मी आज तसं मांडून बघते आहे.

मी रेवदंड्याची. शाळेत चित्रकला शिकवते आणि उरलेल्या वेळात प्लायवुडवर ऑइलपेंटने चित्रं काढते. दारं-खिडक्या आणि होड्या रंगवायला हार्डवेअरच्या दुकानात जो डबा मिळतो, तोच माझा रंग. माझ्या चित्रांत पोफळीची विरी असते, वाडीच्या फाटकाची कडी असते, दोरीवर वाळत घातलेले बोंबील असतात, किल्ल्याच्या तटातून निसटलेला एखादा दगड असतो. आमच्या गावाच्या एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कुंडलिकेची खाडी आणि खाडीपलीकडे कोर्लईचा डोंगर. गावातली कितीतरी घरं आणि वाड्या पोर्तुगिजांच्या तटबंदीच्या आत आहेत. १७४० मध्ये हे ठाणं मराठ्यांकडे आलं, पुढे राज्यं बदलत गेली, आणि परक्यांनी उभारलेल्या भिंतींच्या आडोशाला आमच्या पोफळी निवांत वाढत राहिल्या. समुद्राचा खारा वारा त्या भिंती अडवतात, हे वाडीवाल्यांना पक्कं ठाऊक आहे.

इथून अलिबागच्या रस्त्याने दहाएक किलोमीटर गेलं की नागाव लागतं. तिथे १९३६ साली प्रभाकर बरवे जन्मले. अलिबाग ओलांडून मांडव्याच्या वाटेला लागलं की सासवणे येतं. ते विनायक पांडुरंग करमरकरांचं गाव. त्यांचा जन्म १८९१ चा. एक मोठा शिल्पकार आणि एक मोठा चित्रकार एकाच किनाऱ्यावर, एस.टी.ने दुपारच्या जेवणापर्यंत जाऊन येण्याच्या अंतरात. माझ्या खात्यातल्या दोन सगळ्यात मोठ्या रकमा याच रस्त्यावरच्या आहेत.

पहिलं नाव मात्र कलेच्या कुठल्याही इतिहासात सापडणार नाही. कोळीवाड्यात होड्यांवर नावं लिहिणारे एक काका होते. जून-जुलैत मासेमारी बंद असते. होड्या वाळूवर ओढलेल्या असतात, त्यांची डागडुजी चालते आणि नारळी पौर्णिमेच्या आत सगळ्यांना रंग हवा असतो. त्या दिवसांत काकांना मान वर करायला फुरसत नसे. शाळेतून येताना मी त्यांच्यापाशी थांबायची. डबा धर, ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडव, एवढीच कामं ते सांगत. शिकवायचं म्हणून त्यांनी मला काहीच शिकवलं नाही. मी जवळ उभी राहिले तर त्यांची हरकत नसे, एवढंच.

होडीवर लिहिणं म्हणजे भिंतीवर लिहिणं नव्हे. नाळेकडे जाताना होडीचं अंग वर उचलतं आणि त्याच वेळी पाहणाऱ्यापासून लांब वळतं. काका आधी शिरोरेषा आखत. खडूची पूड चोळलेला दोरा दोन टोकांना ताणून धरायचा, मध्ये चिमटीने उचलायचा आणि सोडून द्यायचा. फळीच्या बाकावर रेघ उमटायची. मग ‘आई एकवीरा’ची अक्षरं त्या रेघेला टांगली जायची. नाळेजवळची अक्षरं ते मुद्दाम रुंद काढत. जवळून ती बेढब दिसत. पण पन्नास पावलं मागे जाऊन पाहिलं की सगळी सारख्या मापाची वाटत, कारण वळणामुळे डोळ्याला ती आखडून दिसतात, हे त्यांनी आधीच धरलेलं असे. लिहिण्याआधी ते स्वतः पाण्याच्या कडेपर्यंत चालत जात, वळून होडीकडे बघत आणि परत येऊन ब्रश उचलत.

ऑइलपेंटची रीतही त्यांचीच. हा रंग स्वतःहून पसरतो आणि सपाट होतो. ब्रश एकदा भरून एकदाच ओढायचा. अर्धवट सुकलेल्या रंगावरून पुन्हा हात फिरवला की ओरखडे कायमचे राहतात. पावसाळी हवेत तो सुकायला वेळ घेतो, म्हणून दुसरा हात कधी द्यायचा ते बोटाच्या मागच्या बाजूने हलकेच शिवून ठरवायचं.

तर काकांच्या नावावर मी दोन गोष्टी लिहिते. चित्र जिथून पाहिलं जाणार आहे तिथे आधी जाऊन उभं राहायचं, ही एक. आणि एकदा ओढलेली रेघ पुन्हा चिवडायची नाही, ही दुसरी. आजही कोऱ्या प्लायवर माझी पहिली खूण खडूच्या दोऱ्याची असते. काकांनी रंगवलेली एकही होडी आज त्या रंगात उरलेली नाही. दर पावसाळ्यात जुना रंग खरवडला जातो, हे त्या कामाचं स्वरूपच आहे. त्यांचं जे उरलंय ते पाहणाऱ्यांच्या नजरेत आणि माझ्यासारखीच्या हातात.

दुसरी नोंद छोटी आहे. गावातल्या वाचनालयात जुन्या दिवाळी अंकांचे बांधलेले गठ्ठे होते. त्यांत दीनानाथ दलालांची मुखपृष्ठं पाहायला मिळाली. १९४५ मध्ये त्यांनी ‘दीपावली’ सुरू केला आणि १९७१ मध्ये जाईपर्यंत मराठी घरांतल्या टेबलांवर चित्रं पोचवली. ज्या घरात एकही चित्र विकत घेतलं जाणार नव्हतं, त्या घरात त्यांचं चित्र अंकाबरोबर येत होतं. दलालांकडून मी रंगाची कड घेतली. शेजारी शेजारी ठेवलेले दोन सपाट रंग जिथे भेटतात तिथे आपोआप रेघ तयार होते; ती वेगळी काढावी लागत नाही. लाल पदर आणि निळं आभाळ यांच्यामध्ये खांदा आपला आपण दिसतो. ऑइलपेंटसारख्या अपारदर्शक, सपाट रंगाला ही शिकवण नेमकी लागू पडली.

तिसरे महादेव विश्वनाथ धुरंधर. ए.टी.डी. ही कलाशिक्षकाची पदविका करताना ग्रंथालयात त्यांचं ‘कलामंदिरातील एक्केचाळीस वर्षे’ हाती आलं. १८६७ मध्ये कोल्हापुरात जन्मलेला हा माणूस १८९० मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये विद्यार्थी म्हणून दाखल झाला, तिथेच शिक्षक झाला आणि १९३१ मध्ये निवृत्त झाला. पुस्तकाच्या नावातली एक्केचाळीस वर्षं ती हीच. पौराणिक प्रसंग, शिवकाल, लग्नसमारंभ, जाहिराती, पुस्तकांतली चित्रं, पोस्टकार्डं. त्यांनी काय काढलं नाही! पण मी अडकले ती त्यांच्या रेखाटनांपाशी. पाण्याला निघालेली बाई, डोईवर ओझं घेतलेला हमाल, गर्दीत मूल सावरणारी आई. माणसं उभी नसतात, निघालेली असतात.

धुरंधरांकडून मी एकच गोष्ट घेतली, पण ती रोज लागते: नऊवारीच्या निऱ्या आणि काष्टा बघून अंगाचा भार कुठल्या पायावर आहे ते ओळखायचं. कपडा म्हणजे अंगावरची सजावट, असं मला आधी वाटे. त्यांच्या चित्रांत कपडा अंगाची बातमी देतो. कुठली चुणी ताणली गेली आहे, कुठली सैल पडली आहे, त्यावरून बाई आत्ता वळते आहे की थबकली आहे ते कळतं. हे कळल्यावर मी मासळीच्या लिलावाच्या वेळी खाडीवर जाऊन उभी राहू लागले. मचवे लागतात, टोपल्या उतरतात, बोली सुरू होते. कोळणी कधीच स्थिर नसतात. वहीत चेहरा काढायला वेळच मिळत नाही. गुडघ्यापासून कमरेपर्यंतच्या चार रेघा तेवढ्या पकडता येतात. घरी येऊन बाकीचं आठवून काढायचं. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांमुळे स्मरणचित्र हा विषय मराठी मुलांना परिचयाचा आहे. पण आठवणीत नेमकं काय साठवायचं, ते मला धुरंधरांनी सांगितलं. आधी भार साठवायचा, मग चेहरा.

त्यांच्या घरातलं आणखी एक, त्याआधीचं ऋण आहे. त्यांच्या कन्या अंबिका धुरंधर जे. जे. मध्ये शिकल्या, चित्रकार झाल्या आणि आयुष्यभर चित्रकारच राहिल्या. माझ्या घरात चित्रकला हा मुलीने लग्नाआधी करायचा छंद मानला जायचा. वडील वाडी सांभाळत. त्यांचा विरोध नव्हता, पण यातून पुढे काय, हे त्यांना दिसत नव्हतं. अंबिकाबाईंची गोष्ट मी आईला वाचून दाखवली. ए.टी.डी.चा अर्ज भरण्यासाठी आईने वडिलांशी जे बोलणं केलं त्याला त्या गोष्टीचं बळ होतं. अंबिकाबाईंच्या चित्रांची छाया माझ्या चित्रांवर नाही. तरीही त्यांच्याविना माझी चित्रं झाली नसती, म्हणून त्यांचं नाव खात्यात आहे.

आता सासवण्याकडे. करमरकरांची गोष्ट आमच्या भागात वडीलधारी माणसं मुलांना सांगतात. गावातल्या राममंदिराच्या भिंतीवर लहानग्या विनायकाने शिवाजी महाराजांचं चित्र काढलं होतं. कुलाबा जिल्ह्याचे त्या वेळचे कलेक्टर ऑटो रॉथफिल्ड गावात आले असता त्यांनी ते पाहिलं, कुणी काढलं म्हणून चौकशी केली आणि त्या मुलाची जे. जे. स्कूलमध्ये शिकण्याची वाट मोकळी झाली. गोष्ट इथवर सगळ्यांना माहीत असते. मला पुढे वाचताना एक धागा सापडला. याच रॉथफिल्डनी भारतातल्या स्त्रियांविषयी एक पुस्तक लिहिलं आणि १९२० च्या सुमारास ते निघालं तेव्हा त्यातली चित्रं होती धुरंधरांची. म्हणजे ज्या डोळ्यांनी सासवण्याच्या भिंतीवरचं चित्र ओळखलं ते डोळे चित्रांत मुरलेले होते. एखाद्या मुलाचं नशीब उघडतं तेव्हा समोरच्या माणसाला चित्र कळावं लागतं. कलेक्टर असणं पुरेसं नसतं. मी शिक्षिका आहे, त्यामुळे ही नोंद मी माझ्या नोकरीच्या खात्यावरही लिहिली आहे. वर्गातल्या वहीच्या शेवटच्या पानावर, बाकावर, भिंतीवर मूल काय काढतं, ते ओरडण्याआधी नीट पाहावं.

करमरकर पुढे कलकत्त्यात राहिले, लंडनला जाऊन शिकले. पुण्याच्या श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलमधला त्यांचा अश्वारूढ शिवछत्रपतींचा पुतळा १९२८ सालचा. साडेतेरा फूट उंचीचं ते ब्राँझ मुंबईत माझगावला एकसंध ओतलं गेलं. एवढं मोठं ओतकाम त्या काळात इथे होऊ शकतं, यावर फार थोड्यांचा विश्वास होता. घोड्याचा एक पाय उचललेला आहे आणि तरी टनावारी धातूचा तोल ढळत नाही. मंदिराच्या भिंतीवर महाराज काढणारा मुलगा तिथवर पोचला होता.

पण माझं ऋण त्या पुतळ्यापेक्षा सासवण्याच्या घराचं जास्त आहे. करमरकर शिल्पालय म्हणून ते घर आज पाहता येतं. अंगणात, पडवीत, खोल्यांत माणसं बसली आहेत, उभी आहेत. कष्टकरी, पोरं, आया, गावातली जनावरं. सिमेंटची म्हैस इतकी खरी आहे की लहान मुलं तिला आधी लांबूनच बघतात. ब्राँझचं मोठं काम करून चुकलेला शिल्पकार आपल्या गावात सिमेंट हाताळतो, ही गोष्ट मला फार मोलाची वाटली. सिमेंट स्वस्त आहे, गवंड्याकडे मिळतं आणि कोकणच्या पावसात टिकतं. लोक त्याला घर बांधायचं सामान समजतात. करमरकरांनी त्याची कातडी केली, स्नायू केले, पोटाची घडी केली. मी ऑइलपेंट सोडून नळीतल्या महागड्या तैलरंगांकडे जावं का, या विचारात होते, तो विचार सासवण्याच्या अंगणात संपला. होड्यांचा रंग हाच माझा रंग, हे तिथे ठरलं.

आणि वजन. करमरकरांच्या मूर्तींपाशी उभं राहिलं की त्या जमिनीवर किती टेकल्या आहेत, ते आपल्या पोटात जाणवतं. ‘मत्स्यगंधा’ पाहताना मी चेहऱ्याकडे फार उशिरा गेले. अंग खाली कुठे विसावलं आहे, तिथपासून बघत वर गेले. चित्र सपाट असतं, तरी चित्रातल्या वस्तूला वजन देता येतं, हे मी एका शिल्पकाराकडून घेतलं. तटातला दगड काढताना त्याचा वरचा आकार मी शेवटी काढते. तो जमिनीला कुठे कुठे शिवतो, त्या शिवण्याच्या जागा आधी ठरवते. त्या बरोबर पडल्या की दगड उचलायला दोन माणसं लागतील, हे पाहणाऱ्याला सांगावं लागत नाही.

मग नागावचे बरवे आले आणि त्यांनी माझ्या हातातला दगड काढून घेतला.

प्रभाकर बरव्यांना करमरकर नात्याने आजोबा लागत आणि त्यांचे वडील मुंबईच्या चित्रपट-स्टुडिओंत कलाकाम करत. म्हणजे कला घरात होती. जे. जे. मधून १९५९ मध्ये पदविका घेतल्यावर १९६१ पासून ते वीव्हर्स सर्व्हिस सेंटरमध्ये नोकरीला लागले. विणकरांसाठी नक्ष्या तयार करणारी ती सरकारी संस्था. पहिली काही वर्षं त्यांनी वाराणसीत काढली. तिथे तंत्रमार्गातल्या आकृती त्यांच्या चित्रांत आल्या आणि पुढे हळूहळू विरल्याही. उरल्या त्या साध्या वस्तू: पान, घड्याळ, किल्ली, पीस, अक्षर, दगड, फळ. १९८२ पर्यंत ते नोकरीत होते. दिवसा पगाराचं काम आणि उरलेल्या वेळात चित्र, असं ज्यांचं आयुष्य आहे त्यांना ही एकवीस वर्षं फार धीर देतात. नोकरीतल्या कामाचा त्यांच्या चित्रांना तोटा झाला, असं मला वाटत नाही. कापडावर नक्षी बसवणाऱ्याला दोन आकृत्यांमधली मोकळी जागा मोजावीच लागते.

बरव्यांचं ‘कोरा कॅनव्हास’ १९९० मध्ये मौज प्रकाशनाने काढलं. चित्रकाराने चित्र घडतानाचा विचार इतक्या स्वच्छ मराठीत मांडलेला मी दुसरीकडे फारसा पाहिला नाही. रिकामी जागा, वस्तू, तिचा आकार, तिचा अर्थ आणि चित्रकाराचं मन यांच्यात काय काय घडतं, ते त्यात आहे. माझी प्रत खिळखिळी झाली आहे. दर उन्हाळ्यात मी ती पुन्हा वाचते, आणि प्रत्येक वेळी वेगळ्याच प्रकरणापाशी थांबते.

२०१९ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात ‘इनसाइड द एम्प्टी बॉक्स’ हे त्यांचं मोठं प्रदर्शन भरलं. त्यांना जाऊन तेव्हा तेवीस वर्षं उलटून गेली होती. मांडव्याहून लाँचने गेटवेला उतरलं की ते संग्रहालय चालत जाण्याच्या अंतरावर आहे. आतल्या भिंतींवरची चित्रं पाहताना पहिला धक्का रंगाचा होता. बरवे कॅनव्हासवर एनॅमल रंग वापरत, हे मी वाचलेलं होतं. पण समोर पाहणं वेगळं. तो माझाच रंग होता, काकांच्या डब्यातला! गुळगुळीत, ब्रशची खूण न ठेवणारा, स्वतःहून सपाट होणारा. काका ज्या रंगाने होडी लांबून ओळखू यावी म्हणून भडक अक्षरं लिहीत, त्याच जातीच्या रंगाने बरव्यांनी करडा, फिका निळा, मातकट असे इतके शांत पृष्ठभाग केले होते की त्यांच्यापुढे आवाज आपोआप खाली येतो. रंगाचा स्वभाव मला ठाऊक आहे, असं मी समजत होते. त्याचा अर्धाच स्वभाव मला ठाऊक होता.

प्रदर्शनात त्यांच्या डायऱ्याही होत्या. बारीक अक्षर, मध्येच छोटी रेखाटनं, विचार, पुन्हा रेखाटन. चित्र काढण्याइतकंच चित्राबद्दल रोज लिहिणं हा त्यांच्या कामाचा भाग होता. तेव्हापासून मीही प्रत्येक चित्राची वही ठेवते. आज मांडलेलं खातं त्या वह्यांतूनच काढलं आहे.

बरव्यांकडून मी रिकामी जागा घेतली. त्यांच्या चित्रात वस्तूखाली पुष्कळदा जमीन नसते. पान आहे, पण ते झाडावर नाही आणि खाली पडलेलंही नाही. ते आहे, एवढंच. भोवतालची मोकळीक त्याला धरून ठेवते. मी पोफळीची विरी तशी काढून पाहिली. वाडीत विरी पडते तेव्हा तिचा आवाज होतो; ती पायाखाली येते, जेवणाची पत्रावळ होते, चुलीत जाते. या सगळ्यातून उचलून तिला करड्या मोकळ्या जागेत ठेवल्यावर तिच्यावरच्या शिरा नदीच्या नकाशासारख्या दिसायला लागल्या. मी जन्मभर जी वस्तू पाहिली होती ती मला पहिल्यांदा अनोळखी झाली.

इथे माझ्या दोन धनकोंचं एकमेकांशी पटेना. करमरकर म्हणत होते, वस्तू जमिनीवर टेकव. बरवे म्हणत होते, जमीन काढून घे. नात्याने आजोबा आणि नातू, एकाच किनाऱ्याचे, आणि माझ्या प्लायवर रोज भांडण. मला ते भांडण मिटवायचं नव्हतं. बराच काळ मी त्याच्यातच राहिले. काही चित्रं एका बाजूला कलली, काही दुसऱ्या.

उत्तर कोळीवाड्यातच होतं. जुलैतली होडी वाळूवर असते तेव्हा तिच्याइतकं जड दुसरं काही नसतं. ओंडक्यांवरून ती सरकवायला साऱ्या आळीची माणसं खांदा लावतात. हीच होडी नारळी पौर्णिमेनंतर पाण्यात उतरते आणि एका वल्ह्याने वळते. वस्तू तीच, वजन तेच, पण तिचं जड असणं आणि हलकं असणं जागेवर अवलंबून आहे. तेव्हापासून मी होड्यांची मालिका करते आहे. चित्राच्या खालच्या भागात होडी टेकलेली असते. जिथे ती वाळूला शिवते त्या जागा मी सासवण्याच्या शिस्तीने ठरवते. वर जाताना वाळू, धक्का, घरं काही काढत नाही. काळसर वाळूचा रंग हळूहळू करडा होतो आणि नाळ नागावच्या मोकळ्या जागेत शिरते. शिरोरेषा खडूच्या दोऱ्याने आखलेली असते. तिच्याखाली अक्षरं नसतात. दोन सपाट रंगांची कड दलालांची. काठावर कधी एखादी बाई असते, तिच्या निऱ्यांत धुरंधर असतात.

कुणी विचारेल की मग यात तुझं काय? ज्या जागी माझ्या गुरूंचं एकमेकांशी जमलं नाही ती जागा माझी, असं मी सांगते. आणि ती मला दिसली ती कुणाकडून काय घेतलं हे नेमकं लिहून ठेवल्यामुळे. ‘करमरकर आणि बरवे माझे आवडते’ एवढंच म्हणत राहिले असते तर दोघंही माझ्या मनात गुण्यागोविंदाने नांदले असते आणि होडी दिसली नसती. कृतज्ञता मोघम ठेवली की ती कामाला येत नाही.

उसनं कसं घ्यावं, हेही बरव्यांकडूनच शिकता येतं. पॉल क्ले या स्विस-जर्मन चित्रकाराचा त्यांच्यावर प्रभाव होता, असं जाणकार सांगतात. क्लेची चित्रं मी पुस्तकांत पाहिली आहेत: खुणा, बाण, अक्षरं, खेळकर रेघा. बरव्यांची चित्रं तशी दिसत नाहीत. वस्तूला खुणेसारखं वागवायचं, ही क्लेची मुभा त्यांनी घेतली आणि ती आपल्या ओळखीच्या वस्तूंवर, आपल्या रंगात वापरली. रूप उचललं असतं तर नक्कल झाली असती. त्यांनी कामाची रीत उचलली आणि ती नागावच्या माणसाच्या हाताने चालली.

माझ्या वर्गात एक नियम आहे. चित्र पूर्ण झालं की मुलांनी कागदाच्या मागे लिहायचं: हे कुणाचं पाहून सुचलं आणि त्यातलं नेमकं काय घेतलं. मुलं प्रामाणिक असतात. कुणी कॅलेंडरचं नाव लिहितं, कुणी मोबाइलवर पाहिलेल्या व्हिडिओचं, कुणी मोठ्या बहिणीच्या रांगोळीचं. एका मुलीने लिहिलं होतं, आजी गोधडी शिवताना जुन्या साडीचा काठ बाहेरच्या बाजूला ठेवते, ते घेतलं. तिच्या चित्राला खरोखरच तसा काठ होता. त्या मुलीला अजून दलाल माहीत नाहीत, पण दोन रंगांची कड तिच्या हाती लागली आहे. पुढच्या आठवड्यात मी वर्गात ‘दीपावली’ची जुनी मुखपृष्ठं घेऊन जाणार आहे. तिने जे आजीकडून घेतलं त्याचे आणखी धनी कुठे कुठे आहेत, ते तिला कळायला हवं.

ऋणाची नोंद ठेवण्याचं खरं कारण मला यात दिसतं. या माणसांना मी काही परत करू शकत नाही. बहुतेक आता नाहीत, आणि असते तरी त्यांना माझ्याकडून काही नको होतं. पण नेमकी नोंद असली की मागून येणाऱ्याला वाट सापडते. माझ्या होडीसमोर उभं राहून कुणी विचारलं की ही इतकी जड कशी, तर मी त्याला सासवण्याला पाठवू शकते. तिथून रॉथफिल्ड, रॉथफिल्डपासून धुरंधर, धुरंधरांपासून जे. जे. आणि अंबिकाबाई. नाळ हवेत कशी, असं विचारलं तर ‘कोरा कॅनव्हास’ त्याच्या हाती देता येतो, आणि त्यातून तो बरव्यांकडे, बरव्यांकडून क्लेकडे आपला आपण जाईल. शिरोरेषेबद्दल विचारलं तर जुलैत आमच्या कोळीवाड्यात यावं. काका नाहीत, पण त्यांचं काम पाहत वाढलेली पोरं आता ब्रश धरतात, आणि जवळ उभं राहिलेल्याला ती अजूनही हाकलत नाहीत.